आयर्लंडातील मुक्काम

आयर्लंड देशाशी मराठी वाचकाचा परिचय तेथे जाण्याची साधने सुलभ होण्याच्या पुष्कळच आधीचा आहे. न. चिं. केळकरांनी त्या देशाचा इतिहास मराठीत लिहिला. होमरूलची मागणी आपल्या पुढाऱ्यांनी तेथल्याच चळवळीकडे पाहून उचलली. आणि एप्रिल १९१६ मध्ये बेळगावास टिळकांची होमरूल लीग स्थापन होत होती, त्याच महिन्यात डब्लिन शहराच्या मुख्य टपाल कचेरीसमोर आयरिश बंडखोरांनी आपल्या प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचून दाखविला. पुढे आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना १९३७ च्या आयरिश घटनेवरून घेण्यात आली, आणि अगदी अलीकडे, २०१७ मध्ये, ज्यांचे पितृघराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे, ते लिओ वराडकर तेथले पंतप्रधान झाले. इतका जुना ऋणानुबंध असूनही आपल्याकडचा प्रवासी तिकडे जातो तो बहुधा इंग्लंडच्या दौऱ्यातून उरलेले दोन-तीन दिवस खर्ची घालण्यासाठी. डब्लिनमध्ये एक ग्रंथालय आणि एक मद्यनिर्मितीचा कारखाना पाहावा, दुसऱ्या दिवशी पहाटे बसमध्ये बसून पश्चिमेकडील मोहरचे कडे गाठावेत, रात्री परत फिरावे आणि आयर्लंड पाहून झाले असे समजावे, असा सध्याचा शिरस्ता आहे. तो मोडण्यास वाचकाने प्रवृत्त व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

संपूर्ण बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ८४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून थोडेसे अधिक. आणि डब्लिनहून पश्चिम किनाऱ्यावरील गॉल्वे येथे किंवा दक्षिणेकडील कॉर्क येथे आगगाडीने अडीच तासांच्या आसपास पोहोचता येते. अंतरे अशी आटोपशीर असल्यामुळे सारा मुलूख एका आठवड्यात पालथा घालण्याचा मोह होतो, आणि रोज नवे गाव, रोज नवे बिछाने व रोज सामानाची बांधाबांध अशा रीतीने तो मोह पुरा करणारे लोक परत आल्यावर फक्त हिरव्या रंगाविषयी बोलू शकतात. माझे मत असे आहे की, ह्या देशात स्थळे मोजण्यापेक्षा मुक्काम निवडावेत. दहा-बारा दिवस हाताशी असतील तर डब्लिन, दक्षिणेत कॉर्क आणि पश्चिमेत गॉल्वे, असे तीनच मुक्काम करावेत आणि बाकीचा प्रदेश त्या त्या मुक्कामावरून, शक्य तेथे आगगाडीने, नाहीतर बसने, आणि शेवटची मजल पायी, असा पाहावा. ह्याचे कारण सोयीचे आहे तसेच तत्त्वाचेही आहे. आयर्लंडात नगर आणि निसर्ग ह्यांची वेगवेगळी खाती नाहीत. डब्लिनच्या भर वस्तीतून निघालेली उपनगरी गाडी अर्ध्या तासात प्रवाशाला हाउथच्या समुद्रकड्यांपाशी उतरविते. शिवाय तेथील संस्कृतीचा पुष्कळसा भाग कानांनी ग्रहण करण्याचा आहे, आणि ऐकण्यासाठी संध्याकाळी त्या गावात असावे लागते.

प्रथम दस्तऐवजांविषयी, कारण ह्या बाबतीतली गैरसमजूत महागात पडते. बेटावर दोन राज्ये आहेत: दक्षिणेकडचे आयरिश प्रजासत्ताक आणि ब्रिटनच्या अमलाखालील उत्तर आयर्लंड. प्रजासत्ताक युरोपीय संघात असले तरी शेंगेन करारात सामील नाही. त्यामुळे फ्रान्स किंवा जर्मनीसाठी काढलेला शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही, भारतीय नागरिकाला आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. ब्रिटन आणि आयर्लंड ह्यांच्यात मात्र अशी तजवीज आहे की, भारतीय प्रवाशाला मिळालेल्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असल्यास त्याच व्हिसावर दोन्ही देशांत हिंडता येते. फक्त ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी पाऊल टाकावे लागते. डब्लिन ते बेलफास्ट प्रवासात सरहद्दीवर नाके नाहीत, कोणी गाडी थांबवून पारपत्र मागेलच असे नाही, आणि नेमक्या ह्याच कारणाने पुष्कळजण परवान्याचा विचार न करता उत्तरेकडची तिकिटे काढतात. अडवणूक झाली नाही म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. आपल्या व्हिसावर तो शेरा आहे की नाही हे पाहूनच उत्तरेकडच्या मुक्कामाचा विचार करावा, आणि त्या वेळच्या अटी दोन्ही सरकारांच्या अधिकृत सूचनांतून ताडून घ्याव्यात. दक्षिणेत युरो आणि किलोमीटर, उत्तरेत पौंड आणि मैल, एवढाच काय तो फरक रस्त्यावर जाणवेल. वाहने दोन्हीकडे आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात.

ऋतूविषयी आपल्याकडे एक भाबडी कल्पना आहे की, पाऊस टाळता येईल असा महिना शोधून काढता येतो. तसा महिना तेथे नाही. तो पाऊस कोकणातल्यासारखा मुसळधार नसतो. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर तो आडवा, बारीक आणि वारंवार येतो, आणि तासाभरात ऊनही पडते. छत्री त्या वाऱ्यापुढे निरुपयोगी ठरते. डोके झाकणारा, पाणी आत न येऊ देणारा हलका कोट आणि ओल्या गवतात टिकणारे बूट ह्यांवर खर्च करावा. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने मला सर्वांत श्रेयस्कर वाटतात. जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावर रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, त्यामुळे संग्रहालयांना दिवस दिला तरी संध्याकाळचा फेरफटका हातचा जात नाही. उलट डिसेंबरात दुपारी सव्वाचार वाजताच डब्लिनमध्ये सूर्यास्त होतो. १७ मार्चचा सेंट पॅट्रिकचा सण पाहण्याची हौस असणाऱ्यांनी निवासाचा बंदोबस्त अनेक महिने आधी करावा, आणि त्या दिवशी शांत डब्लिन पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. निवासाचे दर हाच ह्या सफरीतील सर्वांत मोठा खर्च आहे, विशेषतः राजधानीत. तो आधी ठरवावा आणि मग विमानाची तारीख पक्की करावी, असा उलटा क्रम येथे सुलट ठरतो.

डब्लिनला निदान चार दिवस द्यावेत. १५९२ मध्ये स्थापन झालेल्या ट्रिनिटी कॉलेजातील ‘बुक ऑफ केल्स’ हे सुमारे इसवी सन ८०० मधील, ख्रिस्ती मठवासीयांनी रंगविलेले हस्तलिखित पाहण्यास सारे जग जाते, आणि ते पाहण्याजोगे आहे ह्यात शंका नाही. परंतु एका वेळी त्यातील थोडीच पाने उघडी असतात आणि त्यांभोवती गर्दी असते, म्हणून पहिल्या वेळेचे तिकीट आधीच काढून ठेवावे. तेथील सुप्रसिद्ध लांब दालनातील सुमारे दोन लक्ष ग्रंथ इमारतीच्या जीर्णोद्धारासाठी हलविण्याचे काम हाती घेतलेले असल्याने छायाचित्रांत दिसतात तशा भरलेल्या फडताळांची अपेक्षा ठेवून जाऊ नये. ज्या वाचकाला हस्तलिखितांची खरी गोडी आहे, त्याने त्या मानाने कमी गाजलेल्या चेस्टर बीटी संग्रहालयात अर्धा दिवस काढावा, असा माझा आग्रह आहे. खाणउद्योगात गडगंज झालेला हा अमेरिकन गृहस्थ १९५० मध्ये डब्लिनला येऊन राहिला, १९५७ मध्ये आयर्लंडचा पहिला सन्माननीय नागरिक झाला, आणि आपला संग्रह त्या देशाच्या लोकांसाठी ठेवून गेला. डब्लिन किल्ल्याच्या आवारातील त्या इमारतीत कुराणाच्या सोनेरी प्रती, प्राचीन ख्रिस्ती पपायरस, जपानी चित्रपट्ट ह्यांच्या जोडीला अकबरनाम्यातील चित्रित पानांसह मुघल दरबारची चित्रे आहेत. आपल्या देशातील कलेचा इतका वेचक संग्रह इतक्या दूर, इतक्या निवांतपणे आणि प्रवेशमूल्य न देता पाहावयास मिळावा, ह्यात थोडी खंतही आहे. पण ती खंत घेऊनच तो पाहावा.

राष्ट्रीय चित्रसंग्रह आणि किल्डेअर रस्त्यावरील पुराणवस्तुसंग्रहालय ह्यांनाही प्रवेशमूल्य नाही. चित्रसंग्रहात कारावाज्जोचे ख्रिस्ताच्या अटकेचे चित्र आहे. ते दीर्घकाळ डब्लिनमधील जेझुइट पाद्र्यांच्या निवासातील भोजनगृहात दुसऱ्याच एका चित्रकाराच्या नावावर लटकत होते आणि १९९० च्या सुमारास एका जाणकाराच्या दृष्टीस पडून त्याची खरी ओळख पटली. पुराणवस्तुसंग्रहालयात आर्डाचा चषक व ताराची पिन ही सुवर्णकामाची शिखरे आहेतच. परंतु पाणथळ दलदलीत दोन हजारांहून अधिक वर्षे टिकून राहिलेली मानवी शरीरे तेथे अंधुक प्रकाशात ठेवली आहेत, त्यांच्याजवळ लहान मुलांना नेताना विचार करावा. सोमवारी अशांपैकी काही संस्था बंद किंवा फक्त दुपारनंतर उघड्या असतात, तेव्हा सोमवार उद्यानांसाठी आणि समुद्रासाठी राखावा.

इतिहासाची आवड असणाऱ्या मराठी माणसाने किलमेनहॅम तुरुंग चुकवू नये. १९१६ च्या उठावानंतर त्याच्या पुढाऱ्यांपैकी चौदा जणांना मे महिन्यात तेथील दगडी अंगणात गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतील जेम्स कॉनली जखमी असल्यामुळे त्याला खुर्चीवर बसवून मारण्यात आले. तोवर उठावाविषयी बराच उदासीन असलेला आयरिश समाज ह्या शिक्षांनी खडबडून जागा झाला, हे तेथील मार्गदर्शक फार संयमाने सांगतात. तुरुंग केवळ मार्गदर्शकासह पाहता येतो आणि तिकिटे काही आठवडे आधीच संपतात. ऐनवेळी दारात जाऊन उभे राहण्याचा उपयोग होत नाही. उठावाच्या सुमारास, पुढे आपले राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी डब्लिनला कायद्याचे शिक्षण घेत होते आणि आयरिश राष्ट्रवाद्यांशी संबंध आल्यामुळे त्यांना १९१६ मध्ये तो देश सोडावा लागला, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

नाटकाची सवय असलेल्या आपल्या लोकांनी एक रात्र ॲबी थिएटरला द्यावी. १९०४ मध्ये येट्स, लेडी ग्रेगरी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी हे रंगमंदिर उभे केले. १९०७ मध्ये सिंग ह्या आयरिश नाटककाराच्या नाटकावरून तेथे प्रेक्षकांनी दंगल केली. आणि १९१३ मध्ये रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’चा इंग्रजी प्रयोगही येथेच झाला. जुनी वास्तू १९५१ मध्ये आगीत नष्ट झाली. सध्याची १९६६ ची इमारत बाहेरून अगदीच कचेरीवजा आहे, पण तेवढ्यावरून मत बनवू नये. साहित्यप्रेमींनी सेंट पॅट्रिकच्या कॅथीड्रलमध्ये जावे. ‘गलिव्हर’चा कर्ता स्विफ्ट तेथे १७१३ पासून मरेपर्यंत मुख्य धर्माधिकारी होता आणि तेथेच त्याचे दफन झाले. लगतच्या मार्श ग्रंथालयात, जे १७०७ पासून लोकांसाठी खुले आहे, दुर्मिळ ग्रंथ वाचणाऱ्यांना जाळीच्या खोल्यांत कोंडून बसवीत. त्या खोल्या अजून आहेत. १६ जूनला जॉइसच्या कादंबरीच्या स्मरणार्थ लोक जुन्या वेषात रस्त्यांवरून हिंडतात, ते कादंबरी न वाचलेल्यालाही मौजेचे वाटते. शहरात फिरण्यासाठी ‘लीप’ कार्ड घ्यावे, ते बस, ट्रॅम आणि उपनगरी गाडी तिन्हींना चालते; रोख पैशांनी बसचे तिकीट काढल्यास नेमकी नाणी द्यावी लागतात, सुटे परत मिळत नाहीत. विमानतळाला रेल्वे नाही, बसनेच शहरात यावे लागते.

संध्याकाळच्या संगीताविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडील, विशेषतः मद्य न घेणारे प्रवासी पबच्या दारातूनच माघारी फिरतात आणि आयर्लंडातील सर्वोत्तम गोष्टीला मुकतात. पब म्हणजे गुत्ता नव्हे. तेथे दुपारी सूप आणि पाव मिळतो, चहा मिळतो, आजीबाई आणि नातवंडे बसलेली असतात, आणि २००४ पासून आत धूम्रपानास कायद्याने मनाई आहे. सोड्याचा पेला घेऊन संपूर्ण संध्याकाळ बसलेल्या पाहुण्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. फक्त मुले बरोबर असतील तर रात्री नऊनंतर, उन्हाळ्यात दहानंतर, उठावे लागते. वादकांची बैठक कोपऱ्यातील एका टेबलाभोवती जमते: फिडल, बासरी, टिनची शिट्टी, बोधरान नावाचा कातडी डफ, आणि कोपराने हवा भरून वाजविण्याची इलिअन पाइप्स. व्यासपीठ नाही, निवेदन नाही. एकाने सूर धरला की बाकीचे त्यात मिसळतात, आणि दोन-तीन धुना एका दमात वाजवून झाल्या की गप्पा सुरू होतात. त्या टेबलाजवळच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी त्या येणाऱ्या वादकांच्या समजाव्यात. एखाद्याने साथीशिवाय गाणे आरंभिले की सारी खोली गप्प होते; आपणही व्हावे, आणि भ्रमणध्वनी खिशात ठेवावा. डब्लिनच्या टेंपल बार भागातील संगीत मुख्यत्वे पर्यटकांसाठी आणि त्याच दराने असते. क्लेअर परगण्यातील एनिस किंवा डूलिन येथे, अथवा गॉल्वेत, बैठका अधिक मोकळ्या वातावरणात ऐकावयास मिळतात.

आहाराच्या बाबतीत शाकाहाऱ्याची आता पूर्वीइतकी आबाळ होत नाही, परंतु सावधगिरी बाळगावी. भाजीचे सूप म्हणून जे येते ते पुष्कळदा कोंबडीच्या अर्कात शिजविलेले असते, तेव्हा मागविण्यापूर्वी विचारून घ्यावे; चीजमध्ये जनावरांपासून काढलेले विरजण असू शकते, हे काटेकोर लोकांनी लक्षात ठेवावे. घरगुती निवासात सकाळी डुकराच्या मांसाच्या नाना प्रकारांनी भरलेली थाळी पुढे येते. आदल्या रात्री सांगितल्यास ओटची लापशी, अंडी, मश्रूम, टोमॅटो आणि सोड्याने फुगविलेला तपकिरी पाव आनंदाने देतात, आणि तो पाव व तेथले लोणी एवढ्यावरही न्याहारी उत्तम होते. लहान गावांत रात्री नऊच्या सुमारास स्वयंपाकघरे बंद होतात. पुण्या-मुंबईच्या वेळेला जेवणाऱ्यांनी उपाशी झोपण्याची तयारी ठेवावी.

दुसरा मुक्काम कॉर्क. ली नदीच्या दोन फाट्यांमधील बेटावर वसलेले हे शहर स्वतःला डब्लिनपेक्षा तिळभरही कमी लेखीत नाही, आणि दोन दिवस राहिल्यावर त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नसावे असे वाटू लागते. १७८८ पासून चालत आलेल्या इंग्लिश मार्केटमध्ये सकाळी जावे. मासळीचे गाळे पाहून कोकणी व मालवणी माणसाचे चित्त प्रसन्न होईल. नदीपलीकडील शँडनच्या चर्चमध्ये मनोऱ्यावर चढून कोणालाही दोऱ्या ओढून घंटा वाजविता येतात. कोणत्या क्रमाने ओढले असता कोणती धून निघते त्याचे आकडे लिहून ठेवलेले असतात, आणि त्यामुळे खालच्या मोहल्ल्यातील रहिवाशांना दिवसभर पाहुण्यांच्या बेसूर धुना ऐकाव्या लागतात. ह्याच शहराचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी ऑक्टोबर १९२० मध्ये लंडनच्या तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर मरण पावला. नऊ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दासांनी तोच मार्ग पत्करला तेव्हा सर्वांच्या ओठी त्याचेच नाव आले. मॅकस्विनीच्या मृत्यूनंतर, १९२० च्याच डिसेंबरात, सरकारी फौजेच्या लोकांनी कॉर्कची मध्यवस्ती जाळली. मुख्य रस्त्यावरील इमारती नदीकाठच्या घरांपेक्षा नव्या का दिसतात, ह्याचे उत्तर तेथे आहे.

कॉर्कहून उपनगरी गाडीने अर्ध्या तासाच्या आत कोव्ह बंदर येते, आणि माझ्या मते संपूर्ण दक्षिण आयर्लंडातील हा अर्धा तास सर्वांत मोलाचा आहे. गाडी खाडीच्या कडेने, पाण्याला जवळजवळ लागून जाते. पुढे टेकडीवर रंगीत घरांची उतरती रांग आणि तिच्यामागे सेंट कोलमनचे कॅथीड्रल दिसते, ज्याच्या मनोऱ्यात ४९ घंटा आहेत. टायटॅनिक जहाज ११ एप्रिल १९१२ रोजी शेवटचे थांबले ते ह्याच बंदराबाहेर, आणि त्याचे भांडवल गावाने पुरेपूर केले आहे. परंतु कोव्हचे खरे महत्त्व त्याहून मोठे आहे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने आणि राज्यकर्त्यांच्या अनास्थेने जो दुष्काळ ओढवला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली व तितकीच किंवा अधिक देश सोडून गेली. आणि १८४८ नंतरच्या शतकभरात एकट्या ह्या धक्क्यावरून सुमारे पंचवीस लाख लोक परदेशी निघून गेले. धक्क्यावर दोन लहान भावांसह उभ्या असलेल्या ॲनी मूर ह्या मुलीचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील नव्या ठाण्यातून अमेरिकेत प्रवेश मिळालेली ती पहिली व्यक्ती. आगगाडीच्या जुन्या स्थानकातील प्रदर्शन पाहून मग पुतळ्यापाशी यावे, आधी नव्हे.

कॉर्क परगण्याच्या नैर्ऋत्य टोकाला, मोटारीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर, अहाकिस्टा नावाचे एक लहानसे गाव आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान बाँबस्फोटाने ह्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात कोसळले आणि ३२९ जण मृत्यू पावले. गावकऱ्यांच्या सहकार्याने समुद्राकाठी एक स्मारक उभारलेले आहे. एक छायायंत्र, मृतांच्या नावांची दगडी भिंत आणि एक बाग एवढेच तेथे आहे, आणि दरवर्षी त्या दिवशी आप्तेष्ट व स्थानिक लोक एकत्र जमतात. ज्यांच्याजवळ वाहन आहे त्यांनी हा फेरा अवश्य करावा. सार्वजनिक वाहनांच्या भरवशावर मात्र तो एका दिवसात जमविण्याचा प्रयत्न करू नये.

डब्लिन व कॉर्क ह्यांच्या दरम्यान एक रात्र काढता आली तर किलकेनी येथे काढावी. मध्ययुगीन किल्ल्यापासून सेंट कॅनिसच्या कॅथीड्रलपर्यंतचा रस्ता चालावयास वीस मिनिटे पुरतात. बटलर घराण्याने १९६७ मध्ये हा किल्ला नाममात्र ५० पौंडांना लोकांच्या स्वाधीन केला. कॅथीड्रलशेजारचा गोल मनोरा आतील शिड्यांनी चढता येतो. स्थूल व भित्र्या प्रकृतीच्या माणसांनी खालूनच समाधान मानावे.

तिसरा मुक्काम गॉल्वे, आणि येथे घाई करणारा प्रवासी सर्वांत अधिक गमावतो. शहर म्हणावे तर मध्यवस्ती तासाभरात पाहून होते: आयर चौक, शॉप स्ट्रीटवरील रस्त्यावरचे गवई, १३२० च्या सेंट निकोलस चर्चभोवती भरणारा शनिवारचा बाजार, कॉरिब नदीच्या तोंडावरील १५८४ ची स्पॅनिश कमान, आणि उन्हाळ्याच्या आरंभी बंधाऱ्यावरील पुलावरून पाहिल्यास प्रवाहाविरुद्ध निघालेले सामन मासे. परंतु जुलैमधील कलामहोत्सव, १९७५ पासून चालत आलेली ‘ड्रूइड’ ही नाटकमंडळी आणि रोज रात्रीच्या संगीतबैठका ह्यांमुळे ह्या शहराचा दिवस संध्याकाळीच उजाडतो. येथून पश्चिमेस कॉनेमारा लागतो: दलदल, तळी, निळसर डोंगर आणि चुना न लावता रचलेले दगडी बांध. क्लिफ्डेनच्या वाटेवर बॅलिनाहिंच नावाचा वाडा आहे, तो नवानगरचे जामसाहेब, आपल्या क्रिकेटचे रणजी, ह्यांनी १९२४ मध्ये मासेमारीच्या हौसेने विकत घेतला होता. आता तेथे हॉटेल आहे. ह्या प्रदेशात आयरिश भाषा रोजच्या व्यवहारात असल्याने रस्त्यावरील पाट्या पुष्कळ ठिकाणी केवळ त्याच भाषेत असतात, म्हणून जेथे जायचे त्या गावाचे आयरिश नावही टिपून ठेवावे.

ॲरन बेटांपैकी सर्वांत मोठ्या इनिश मोरला नावेने चाळीस मिनिटांत जाता येते. नाव रॉसावील बंदरातून सुटते, गॉल्वेहून तेथवर बस असते. बेटावर सायकल भाड्याने घ्यावी. नैर्ऋत्य किनाऱ्यावर समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर डून एंगस हा प्रागैतिहासिक दगडी कोट अर्धवर्तुळाकार उभा आहे. कड्याला कठडा नाही, आणि वारा असेल त्या दिवशी धीट माणसाने पोटावर पडूनच खाली डोकवावे. मोहरचे कडे ह्याहून दुप्पट, २१४ मीटरपर्यंत उंच आहेत, तरी दुपारी तेथे वाहनतळावरच्या बसेस पाहून उत्साह मावळतो; डूलिनला रात्र काढून सकाळी लवकर किंवा बसेस गेल्यावर संध्याकाळी गेले असता तेच कडे निराळे वाटतात. त्यांच्या पाठीमागचा बरेनचा करडा चुनखडी पठारी भाग लोक गाडीच्या खिडकीतून पाहतात, ही चूक आहे. मे महिन्यात त्या खडकाच्या भेगांतून आल्प्स पर्वतातील आणि भूमध्य प्रदेशातील रानफुले शेजारी शेजारी उमलतात, ती खाली उतरून, वाकूनच पाहावी लागतात.

आणखी तीन-चार दिवस ज्यांना आहेत त्यांनी दक्षिणेकडचा डिंगल किंवा उत्तरेकडचा वेस्टपोर्ट, दोहोंपैकी एक निवडावे. डिंगलला ट्रलीपर्यंत आगगाडी व पुढे बस आहे. पलीकडील ग्रेट ब्लास्केट बेट १९५३ मध्ये सरकारने रिकामे केले, परंतु मूठभर वस्तीच्या त्या बेटाने आयरिश भाषेला आत्मचरित्रांची एक परंपराच दिली, तिचे संग्रहालय डूनक्विनला आहे. वेस्टपोर्ट हे आखून वसविलेले टुमदार गाव. जुन्या लोहमार्गावरून ॲचिलपर्यंत ४२ किलोमीटरची सायकलवाट निघते, आणि जवळच ७६४ मीटर उंचीचा क्रो पॅट्रिक डोंगर आहे, ज्यावर जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक चढतात, काही अनवाणीही. वारीची सवय असलेल्या माणसाला तो दिवस परका वाटणार नाही.

व्हिसा अनुकूल असल्यास शेवटचे तीन दिवस उत्तरेला द्यावेत, आणि त्यांतही डेरीला अग्रक्रम द्यावा. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेला ह्या शहराचा तट आजही अखंड आहे आणि त्याच्यावरून सुमारे दीड किलोमीटरची पूर्ण प्रदक्षिणा करता येते. तटावरून खाली बॉगसाइड मोहल्ला दिसतो. ३० जानेवारी १९७२ रोजी तेथे निःशस्त्र मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या गोळीबारात तेरा जण जागीच ठार झाले, एक पुढे मरण पावला, आणि ते निरपराध होते हे सरकारी चौकशीने मान्य करण्यास २०१० उजाडावे लागले. त्या मोहल्ल्यातील संग्रहालय मृतांच्या आप्तांच्या सहभागाने चालते. तेथे शहराचे नावसुद्धा जपून घ्यावे. एक पक्ष डेरी म्हणतो, दुसरा लंडनडेरी, आणि पाहुण्याने समोरचा जे म्हणेल तेच म्हणावे.

डेरीहून कोलरेनला जाणाऱ्या आगगाडीत डाव्या बाजूची खिडकी धरावी. फॉइल नदीचे मुख, मग रुंद वाळवंट आणि कड्याखालचे बोगदे त्या बाजूने येतात. कोलरेनहून बसने जायंट्स कॉजवे गाठता येतो. तेथील सुमारे ४० हजार षट्‌कोनी स्तंभ बेसाल्ट खडकाचे, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. आपल्या अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्याच खडकाची, त्याच रीतीने थंड होऊन उभी राहिलेली आणि वयाने थोडी वडीलच आहे. प्रदर्शनगृह आणि वाहनतळ ह्यांना पैसे पडतात, दगडांपर्यंतची पाऊलवाट विनामूल्य आहे. परतीला बेलफास्टमध्ये एक रात्र पुरेशी. टायटॅनिक जेथे बांधले त्या गोदीवरील २०१२ चे प्रदर्शन आणि कॅथलिक व प्रॉटेस्टंट वस्त्यांमधल्या अजून उभ्या असलेल्या भिंती, एवढे तरी पाहावे. तेथून डब्लिन विमानतळाला थेट बस सुमारे दोन तासांत पोहोचते, त्यामुळे परतीच्या उड्डाणासाठी पुन्हा राजधानीत मुक्काम करण्याचे कारण उरत नाही.